चढावरचं स्थळ

चिमणाबाई मुलासाठी स्थळं बघत होत्या आणि मुलीचं सोडून भलतंच विचारत होत्या.

"घर चढावर हाय का?"

मध्यस्थी करणारा ज्ञानू घाम पुसत म्हणाला, "काकू, पोरगी बीएस्सी झालीया. गोरी हाय, नाकीडोळी..."

"नाक-डोळं घिऊन पुरात पवायचं हाय व्हय? घर चढावर हाय का, तेवढं सांग."

"चढावर न्हाय, पण कोल्हापुरात राजारामपुरीत हाय. तिसरा मजला."

"राजारामपुरीचं नाव काढू नगंस माझ्यापुढं."

शिरोळ तालुक्यातलं त्यांचं गाव अगदी कृष्णेच्या काठाला. ऊस चांगला, घर पक्कं, मुलगा पृथ्वीराज एकुलता आणि दिसायला बरा. पण धरणांचे दरवाजे उघडले की नदी उंबरा ओलांडून सरळ माजघरात येते आणि माणसांना बाहेर पडावं लागतं. बाहेर पडायला चिमणाबाईंची हरकत नव्हती. जायचं कुणाच्या दारात, हा खरा प्रश्न होता.

गेल्या महापुरात त्या राजारामपुरीत धाकट्या दिराच्या फ्लॅटवर गेल्या होत्या. जाऊ नंदिनी तिथल्या कसल्याशा महिला मंडळाची अध्यक्ष. नंदिनीनं वाईट वागवलं असतं तर चिमणाबाई तिथल्या तिथं भांडून मोकळ्या झाल्या असत्या. पण तिनं चांगलं वागवलं. दारातच पायपुसणं पुढं सरकवून म्हणाली, "वहिनी, जरा पाय पुसून हं." ताटावर बसवून म्हणाली, "लाजू नका, पोटभर जेवा. तिकडं काय मिळालं असेल बाई!" ज्या घरातून तिच्या घरी दर वर्षी तांदळाचं पोतं आणि काकवीचा डबा जात होता, त्या घरच्या थोरल्या सुनेला ही सांगते लाजू नका. शेजारीण डोकावली तेव्हा तर कहर झाला. "आमच्या गावाकडचे आहेत," नंदिनी म्हणाली आणि आवाज खाली आणून पुढचा शब्द बोलली, "पूरग्रस्त." एखादा लागट रोग असावा तसा. निघताना मंडळात जमा झालेल्या साड्यांच्या ढिगातली एक साडी तिनं चिमणाबाईंच्या हातात ठेवली. दोडक्याच्या रंगाची, काठाला जांभळे मोर, आणि पदरावरच्या एका मोराला पाय विणायचेच राहून गेलेले.

ती साडी चिमणाबाईंनी नेसली नाही आणि फाडलीही नाही. ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवली. अधूनमधून वर काढून बघायच्या, राग शिळा होऊ नये म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याचे साहेब आले. मारुतीच्या देवळात बसवून त्यांनी पुराची पूर्वतयारी सांगितली. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घाला, औषधं जवळ ठेवा, बॅटरी ठेवा, जनावरं आधी हलवा. बाकीचा गाव चहाची किटली कधी येते इकडं लक्ष ठेवून होता. चिमणाबाई मात्र शेवटच्या वाक्याला ताठ बसल्या.

"उंचावर राहणारे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं आधीच सोय करून ठेवा," साहेब म्हणाले. "ऐनवेळी धावपळ नको."

"आन नसतील तर?" चिमणाबाईंनी विचारलं.

साहेबांकडं याचं उत्तर नव्हतं. चिमणाबाईंकडं होतं. नसतील तर करायचे. घरात लग्नाचा मुलगा असताना नातेवाईक काय, हवे तेवढे करता येतात. शिवाय मुलाच्या सासुरवाडीत कुणी वरमाईला पाय पुसून या म्हणत नाही. वरमाईचे पाय धुतात! तिथं कितीही ओल्या लुगड्यानं गेलं तरी बाई पाहुणीच असते.

म्हणून ज्ञानू घाम पुसत होता. शेवटी एकदाचं त्यानं स्थळ आणलं. "वारणानगरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. मुलीचं नाव निशा. बाप कारखान्यात असायचा, वारला. आई पारूबाई शिवणकाम करती. घर म्हंजी अगदी डोंगराला टेकून हाय, काकू. तुमची नदी जलमात वर यायची न्हाय."

"असं आधी बोलायचं की रं!"

बघण्याच्या कार्यक्रमाला चिमणाबाई ओट्यावर चढल्या त्या मुलीकडं न बघता डोंगराकडं बघत. हिरवागार, घराच्या पाठीशी बापासारखा उभा. "काय बाई नशीब एकेकाचं," त्या म्हणाल्या. पारूबाईंनीही डोंगराकडं बघितलं, पण पिऊन आलेल्या दिराकडं बघावं तसं.

घर नीटनेटकं होतं. मागच्या भिंतीला नुकताच गिलावा केलेला आणि त्या भिंतीपुढं एक भलंमोठं कपाट. निशा पोह्यांच्या बशा घेऊन आली. चिमणाबाईंनी तिला नाव विचारलं आणि लगेच मुद्द्यावर आल्या.

"पावसात पाणी कुठपातूर येतं तुमच्यात?"

"पाणी येतच न्हाय," निशा म्हणाली. तिला आणखी काही सांगायचं होतं, पण आईनं पोह्यांची बशी पुढं केली.

मग पारूबाईंनी विचारलं, "तुमच्या घरामागं डोंगर बिंगर हाय का काय?"

"डोंगर? आवं, आमच्यात साधं टेकाडसुद्धा न्हाय. नजर जाईल तिथपातूर सपाट."

"सपाट!" पारूबाई म्हणाल्या. दुसरी एखादी बाई 'सरकारी नोकरी' हे शब्द अशा आवाजात म्हणते. गुडघे दुखत असतील, असं चिमणाबाईंना वाटलं.

पृथ्वीराज आणि निशानंही एकमेकांना पसंत केलं. पण ते कुणी विचारलं नव्हतं.

आता मुलीकडचे घर बघायला येणार होते, आणि तिथं अडचण भिंतीवर होती. गेल्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते कळावं म्हणून गावातल्या प्रत्येक घरावर लाल पट्टा ओढलेला होता. चिमणाबाईंच्या घरावर तो दाराच्या चौकटीच्याही वर होता. चिमणाबाईंनी गवंड्याला बोलावून सबंध दर्शनी भिंत पांढरी करून घेतली. मग मागं सरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. भिंतीला भिंत लागून धोंडुबाईचं घर. धोंडुबाईचा पट्टा झोकात येत होता आणि चिमणाबाईंच्या कोपऱ्याला येऊन पटकन गडप होत होता. चोरी लपवायला जावं आणि पायांचे ठसे उमटावेत, तशातला प्रकार.

"धोंडे, तुझी बी भिंत रंगवून दिऊ काय? फुकट."

"नगं बाई. माझ्या पोराचं लगीन झालंय," धोंडुबाई म्हणाली. तिची जीभही काही गरीब नव्हती. "पट्टा काय मला टोचतोय व्हय?"

ठरल्या दिवशी पारूबाई आल्या. गल्लीत शिरल्यापासून त्यांची नजर भिंतीवरून हलेना.

"सगळ्या घरांला हा लाल पट्टा कसला वो?"

"गावची रीत हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "जत्रेला सगळी घरं एकसारखी दिसाय पाहिजेत."

"मग तुमच्याच घराला का न्हाय?"

पृथ्वीराजनं मान खाली घातली. चिमणाबाईंचे मालक दादासो तसेही कधी बोलत नसत, त्यांनी दुसरीकडं बघितलं. चिमणाबाईंनी मात्र पदर सावरला आणि छाती पुढं काढून सांगितलं, "आमच्या घराण्याचा मान हाय तो. आमच्या घराला पट्टा लागत न्हाय."

शेजारच्या दारात धोंडुबाई उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला तरी खोकल्यासारखा आवाज आलाच. पुढं चावडीजवळ पालथी घातलेली रबरी बोट होती, तिच्यावर सरकारी अक्षरं होती.

"आन ही?"

"शर्यतीची. आमच्यात होड्यांच्या शर्यती लई."

पारूबाईंनी घर आतून बघितलं. चूल बघितली, कोठी बघितली, देवघरापाशी जरा जास्तच वेळ थांबल्या. मग बाहेर येऊन दूरवर उसाकडं बघितलं. "सपाट हाय खरं," त्या म्हणाल्या आणि होकार देऊन गेल्या.

त्या संध्याकाळी धोंडुबाई उंबऱ्यात येऊन बसली. "चिमणे, तुझ्या घराण्याच्या मानाचं मी कुणाला काय बोलत न्हाय. पण पुढच्या पुरात मला बी न्हेशील न्हवं इहिणीकडं?"

दुसरा काय इलाज होता? "न्हीन की," चिमणाबाई दात आवळून म्हणाल्या.

लग्न झालं. चिमणाबाईंनी वरमाईचा मान वसूल करून घेतला आणि शिल्लक राहिलेला एक हिशोबही उरकला. दोडक्याच्या रंगाची ती साडी इस्त्री करून, नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर खणाचा तुकडा ठेवून त्यांनी नंदिनीला आहेर केली. नंदिनीनं हसत हसत घेतली. आहेराच्या साड्या ती उघडून बघत नसे.

आषाढात पाऊस लागला तो थांबेना. चिमणाबाईंची तयारी मात्र चैत्रापासूनच होती. म्हशी माळावरच्या छावणीत पोचवल्या. म्हशींना मानपान लागत नाही. मग त्यांनी घरच्यांना जमवून सांगितलं, "पाणी यायच्या आदीच निघायचं. पाणी आल्यावर गेलं की पूरग्रस्त, आदी गेलं की पावणं. कुणी ईचारलं तर म्हणायचं, सहज आलोय."

"आत्या, मी आईला एकदा फोन लावते," निशा म्हणाली. सून दोन दिवस गप्प गप्प होती. "डोंगराकडं पण लई पाऊस हाय. तिथं जाऊ नये असं मला..."

"फोन केला की ती म्हणणार, पाणी आलं म्हणून आलं. फोन करायचा न्हाय."

"आवं पण..."

"सासूला माहेरी न्ह्यायला लाज वाटती व्हय गं?"

यावर कुठली सून बोलेल? निशानं मुकाट्यानं गाठोडं उचललं.

टेम्पो ठरवला. चिमणाबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं, हातात नारळ घेतला. मागं दादासो, पोरगा, सून, कपड्यांच्या ट्रंका, धान्य, गॅसची शेगडी, आणि शेगडीवर हात ठेवून धोंडुबाई. वाटेत एका गावात पोलिसांनी हात केला. पुढच्या ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललंय, वारणानगरकडं गाडी जाणार नाही. मागं वळावं तर शिरोळचा रस्ताही बंद केलेला. गावातल्या हायस्कूलात निवारा केंद्र उघडलं होतं, तिकडं जा म्हणाले.

हायस्कूलात ताडपत्र्या अंथरल्या होत्या, माणसं पोरंबाळं घेऊन बसली होती. दारातल्या तलाठ्यानं विचारलं, "पूरग्रस्त का?"

"न्हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "आम्ही पावणं. रस्ता बंद हाय म्हणून टेकलोय."

"बरं. मग पावण्यांनी त्या कोपऱ्यात बसा."

चिमणाबाई ताडपत्रीवर बसल्या नाहीत. बाकावर बसल्या, मांडीवर नारळ घेऊन. आयुष्यात पहिल्यांदाच दादासो न विचारता बोलले.

"कोल्हापूरचा रस्ता चालू हाय म्हंत्यात. नंदिनीकडं..."

चिमणाबाईंनी नुसतं बघितलं. दादासोंचं ते वाक्य अजून पुरं व्हायचं आहे.

तेवढ्यात दारात पारूबाई दिसल्या. ठेवणीतली साडी, हातात नारळ.

"इहीनबाई! तुम्ही हितं?"

"तुम्ही कुठं निघालासा?" चिमणाबाई बाकावरून उठल्या.

"सहज. लेकीला बघून यावं म्हटलं. ओढ्याच्या अलीकडं आलो आन मागनं पाणी आलं. तुम्ही?"

"सहज. म्हटलं इहीनबाईंची गाठ घ्यावी."

दोघींनी एकमेकींच्या सामानाकडं बघितलं. सहज निघालेल्या चिमणाबाईंजवळ गॅसची शेगडी होती. सहज निघालेल्या पारूबाईंनी शिलाई मशीन आणलं होतं.

"मशीन कशापायी?"

"पोरीचं एक झंपर शिवायचं ऱ्हायलं हुतं. आन ही शेगडी?"

"तुमच्यावर भार नगं म्हणून."

"आगं कशाला ल्वांबवतीस!" धोंडुबाई ताडपत्रीवरून ओरडली. तिच्या पोटात भुकेचा डोंब उसळला होता. "पाणी चढाय लागलंय म्हणून पळून आलोय आम्ही. हिनं मला तुमच्या घरी न्ह्यायचं कबूल केलंय, पट्ट्याचं बोलायचं न्हाय म्हणून!"

निशा आईजवळ गेली आणि हळूच विचारलं, "भेग वाढली?"

"वट्ट्यापातूर आली," पारूबाई म्हणाल्या. "परवा गोठ्याची भिंत बसली. घरं मोकळी करा म्हणून सांगाय आलते."

"कसली भेग?" चिमणाबाईंनी विचारलं.

"डोंगराची, आत्या. कपाटामागं पण हाय. दर पावसाळ्यात आम्हाला हलवतात."

नवा गिलावा, भलंमोठं कपाट, पुढं केलेली पोह्यांची बशी, सगळं चिमणाबाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. ज्ञानूला फोन लावायला त्यांनी पृथ्वीराजला सांगितलं. ज्ञानूचा फोन बंद होता. शहाणा माणूस.

"फसवलंसा आमाला!" चिमणाबाई कडाडल्या. अख्खं हायस्कूल वळून बघू लागलं. "चढावरचं घर म्हणून पोरगी केली मी!"

"आन तुम्ही? पट्टा न लावायचा मान!"

"म्हंजी तुमास्नी कळलतं?"

"मला काय डोळं न्हाईत? तुमचा देव्हारा बघितला मी. आढ्याला खेटून ठोकलाय. दिवा लावायला शिडी लागती तिथं देव कोण बसवतं वो? पाण्याला भिणारं माणूसच."

"मग दिलीसा कशाला पोरगी?"

पारूबाईंनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "पाणी सांगून येतं, इहीनबाई. भोंगा लावत्यात, गाडी फिरवत्यात. माणूस ट्रंका भरून, शेगडी घिऊन निघू शकतं. डोंगर काय सांगत न्हाय. गेल्या साली आमच्या वरची आळी मातीखाली..." त्या थांबल्या. "म्हटलं, भिजंल माझी पोरगी. पण घावंल तरी."

चिमणाबाई बाकाच्या एका टोकाला सरकल्या. पारूबाई दुसऱ्या टोकाला बसल्या. दोघी आपापला नारळ मांडीवर घेऊन समोरच्या फळ्याकडं बघत राहिल्या.

दुपार कलायच्या सुमाराला बाहेर गाडी थांबली. आधी 'एक हात मदतीचा' असा फलक आत आला, मग फोटोवाला, मग नंदिनी आणि तिच्या मागं मंडळाच्या बायका, एकीनं घड्या केलेल्या साड्यांच्या पिशव्या काखेत घेतलेल्या. चिमणाबाईंनी पदर पुढं ओढला, पण इरकल लपणारं नव्हतं.

नंदिनी वाटप करत करत बाकापर्यंत आली. पारूबाईंच्या हातात तिनं एक पिशवी ठेवली, "घ्या हं मावशी," आणि फोटोवाल्याकडं बघून हसली. मग तिचं लक्ष शेजारी गेलं.

"अय्या, वहिनी! तुम्ही इथं? अहो, फोन करायचा, गाडी पाठवली असती. लाजायचं काय त्यात!"

"आम्ही सहज आलोय," चिमणाबाई म्हणाल्या. "इहिणीला भेटाय."

"हो, हो," नंदिनी समजूतदारपणे म्हणाली. या समजूतदारपणाला भिऊनच चिमणाबाईंनी हा सगळा घाट घातला होता. तिनं आणखी एक पिशवी पुढं केली. चिमणाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. नंदिनीनं मैत्रिणीकडं वळून आवाज खाली आणला. "आमच्या गावाकडच्या आहेत. पूर..."

"थांबा वो बाई," पारूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. शिवणकाम करणारी बाई, कोण कुठं उसवलंय ते तिला लांबून दिसतं. वाटपातलीच पाण्याची बाटली त्यांनी घेतली, झाकण उघडलं, खाली बसल्या आणि सगळ्या हायस्कूलादेखत चिमणाबाईंच्या पायांवर पाणी घातलं. आपल्या पदरानं पाय पुसले. मग हातातली पिशवी फाडून साडी काढली, तिच्यावर आपला नारळ ठेवला आणि दोन्ही हातांनी चिमणाबाईंपुढं धरली.

"लेकीच्या सासूचा मान आदी," त्या म्हणाल्या. "घरी असतो तर पाटावर बसवून केला असता. घ्या, इहीनबाई."

फोटोवाला पुढं आला. कोण कुणाला काय देतंय हे त्याला कळेना, पण चित्र चांगलं होतं. नंदिनी हातातली पिशवी तशीच धरून मागं उभी राहिली. तिला फोटोत जागा उरली नव्हती.

चिमणाबाईंनी खाली बघितलं. दोडक्याचा रंग होता. काठाला जांभळे मोर होते. घडीत पदर वर आला होता, आणि त्यावरच्या एका मोराला पाय नव्हते.

त्यांनी मान वर करून नंदिनीकडं बघितलं. नंदिनीच्या चेहऱ्यावर साडी ओळखल्याची काही खूण नव्हती.

"साड्या आम्ही पारखून घेतो हं," नंदिनी कसंबसं हसत म्हणाली. "चांगली आहे की नाही?"

चिमणाबाईंनी साडी घेतली, कपाळाला लावली आणि मांडीवर नीट पसरून ठेवली.

"चांगलीच असणार," त्या म्हणाल्या. "घराण्यातली हाय. काढ म्हणावं फोटो."